उजव्या अंगाने चालणारी गाडी

माझं बोलणं आधी चाळून घ्या आणि मग ऐका, असं माझी बायको पाहुण्यांना दारातच सांगते, चहाच्याही आधी. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर पुष्कळ आरोप केले, त्यातला सर्वांत खरा हाच. मी मगरीच्या पाठीवर बसून ताप्ती ओलांडली आहे, असीरगडच्या तटावरून पडलेली बकरी खाली उभा राहून अलगद झेलली आहे, आणि हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं बुऱ्हाणपुरात आजही सापडतील, कारण मी त्यांना ते इतक्या वेळा सांगितलं की आपण तिथे होतो असं त्यांना वाटू लागलं. हे प्रकरण मात्र मी स्वतःच चाळलं आहे. चाळून जे उरलं ते फार थोडं आहे, आणि त्याची चव मला आवडत नाही.

आमचं घर बुधवाऱ्यात, आणि घराच्या पाठीशी आबांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, गाडीखाली उतरायचा खड्डा, रेल्वेचे चार जुने लाकडी स्लीपर, आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील, मोटारींचे मिस्त्री. गल्लीत दिवसभर विणकरांच्या मागांची खटखट चाले, इतकी सततची की माग थांबले की तान्ही पोरं दचकून उठत. त्या खटखटीतून माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, आबांच्या हातोडीचा आवाज वेगळा काढायची. चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता म्हणायची, "आता पितळ ठोकून राहिले," किंवा, "आता राग ठोकून राहिले." दुसरं ऐकू आलं की त्या दिवशी वांग्याच्या भरतात मिरच्या कमी पडत, कारण तापलेल्या माणसाला तिखट वाढायचं नाही हा तिचा कायदा होता. आबा लोखंडाशी बोलायचे, माणसांशी फारसं नाही. मी एकोणीस वर्षांचा होईपर्यंत ते माझ्याशी जेवढं बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, पत्त्याची जागा सोडून. मी बडबड्या झालो त्याचं कारण मला वाटतं हेच: घरातला त्यांचा वाटाही मलाच बोलावा लागला.

गाडीच्या पुढच्या चाकांचा कल हे आबांचं खास काम. समोरून पाहिलं तर त्या काळच्या मोटारींची पुढची चाकं अगदी सरळ उभी नसत. वरच्या अंगाला जरा बाहेर झुकलेली असत, पैलवान छाती काढून चालतो तशी. हा कल दोन्ही चाकांना सारखा लागतो. एका चाकाचा जास्त झाला की गाडी त्या बाजूला ओढ घेते आणि टायर एका कडेने झिजतात, आणि तेव्हा टायर मिळवणं मुलीला स्थळ मिळवण्याइतकं अवघड होतं. कल मोजायला आबांकडे गवंड्याचा एक ओळंबा होता आणि काड्यापेटी. मडगार्डपासून ओळंब्याचा दोरा सोडायचा, चाकाची वरची कड आणि खालची कड दोऱ्यापासून किती दूर आहे ते पाहायचं, आणि दोन्हींतला फरक काड्यांच्या जाडीत सांगायचा. इंदूरला म्हणे यासाठी यंत्र होतं. आबा म्हणायचे, यंत्र चुकलं तर कळत नाही, काडी चुकली तर निदान बिडी पेटते. कल बदलायचा तर पुढचा आडवा एक्सलच वाकवावा लागे, माझ्या मनगटाएवढं जाड लोखंड, आणि आबा तो थंडच वाकवत. एक्सल गाडीखालून काढायचा, स्लीपरांवर साखळीने जखडायचा, टोकाखाली जॅक लावायचा, आणि मग सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा. असे पाच पाच दिवस. "लोखंडाला सवय लावायची असते," ते म्हणत. "आग दाखवून कबूल करून घेतलेलं खरं नसतं." पोस्टकार्डावरची ही शेवटची ओळ.

संस्थानं विलीन झाली ते दिवस. नर्मदेपलीकडे असंच एक संस्थान होतं, इतकं लहान की राजवाड्याच्या गच्चीवरून पतंग कटला की परराज्यात पडे. राजेसाहेबांनी सही केली, तनखा घेतला, आणि घोडे, झुंबरं, मोटारी विकायला काढल्या. त्यातली एक काळी मोटार आमच्या गावच्या एका केळीवाल्या शेठजींनी घेतली. गाडी इतकी लांब की तिचं तोंड बुधवाऱ्यात शिरलं तरी शेपूट शनवाऱ्यात असे. (चाळून घ्या.) तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हरही आला, नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा. मोतीसिंग त्यांचं नाव. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, अंगात खाकी कोट आणि कोटाला संस्थानाची पितळी बटणं. राज्य गेलं होतं, बटणं राहिली होती; रोज सकाळी ते ती राखेने घासत. बायकापोरं नव्हती. राजवाड्यामागच्या ज्या खोलीत त्यांची हयात गेली तिथे आता सरकारी कचेरी बसली होती. शेठजींच्या मोटारखान्यावरची खोली एवढाच त्यांचा पत्ता, आणि नोकरी गेली की पत्ता जाणार हे त्यांना ठाऊक होतं. वारलेल्या राणीसाहेबांना त्यांनी याच गाडीतून अठरा वर्षं नेलं-आणलं होतं. "ब्रेक कब लगा, रानीसाहिबा को कभी पता नहीं चला," असं ते सांगत, आणि सांगताना आवाज बारीक करत, जणू त्या मागे झोपल्या आहेत.

आता ही गाडी बुऱ्हाणपुरात आल्यापासून डावीकडे जायची. असीरगडच्या रस्त्याला तर दोनदा कडेच्या चारीत उतरली, एकदा शेठजींसकट. शेठजींचं म्हणणं, म्हाताऱ्याचे डोळे गेले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, खंडव्याहून व्याही यायचे होते, आणि त्यांना आणायला हीच गाडी जाणार होती. शेठजींनी मोतीसिंगांना आमच्या शेडमध्येच, आमच्यासमोर सांगितलं, "त्या दिवशी गाडी सरळ चालली तर तुम्ही राहाल. नाही तर रामराम. दुसरा माणूस मी पाहून ठेवला आहे."

आबांनी दोरा सोडला. उजवं चाक चार काड्या, डावं नऊ. एक्सल काढून त्यांनी तो अंगणात उन्हात धरला आणि त्यावरून बोटं फिरवली. कुठे मार नाही, ओरखडा नाही. कुणीतरी तो मुद्दाम, फार सुंदर हाताने वाकवला होता.

"हे कुणी केलं?" आबांनी विचारलं.

"राज के मिस्त्री ने," मोतीसिंग म्हणाले. "महाराज की गाड़ी दाहिने चलती थी न."

"उजवीकडून? मग समोरून येणारे?"

"सामने से कौन आता, मिस्त्रीजी? प्रजा बाएँ, महाराज दाहिने."

आबांना कळायला क्षणभर लागलं, मला बराच वेळ. रस्ता मध्ये उंच असतो आणि दोन्ही कडांना उतरता. उजव्या अंगाने चालणारी गाडी उजवीकडे घसरते, म्हणून त्या अज्ञात मिस्त्रीने तिला कायमची डावी ओढ देऊन ठेवली होती, की स्टिअरिंगला हात न लावता तिला सरळ जाता यावं. आता ती चारचौघांसारखी डावीकडून चालायला लागली, तर उतारही डावा आणि ओढही डावी. चारीत जाईल नाही तर काय करील. आबा हसले. माझ्या आठवणीत ते तिसऱ्यांदा. "चला," ते म्हणाले, "हिला प्रजेसारखं चालायला शिकवू."

तीन दिवसांत नवाच्या सात काड्या झाल्या. मग नेपानगरहून माणूस आला. तिथे कागदाच्या गिरणीचं बांधकाम चाललं होतं आणि सामान वाहणारा ट्रक भर रस्त्यात मोडून पडला होता. आबा निघाले. जाताना मला म्हणाले, "पाव फेरा. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिसऱ्या दिवशी मी आहेच." ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शेठजींचा मुनीम दारात. व्याही चार दिवस आधीच येत होते. उद्या उजाडताच गाडी पाहिजे, आणि एक्सल-बिक्सल हे म्हाताऱ्याचे बहाणे आहेत असं शेठजी म्हणतात, तेव्हा सरळ काय ते सांगा. मुनीम गेला. मोतीसिंग स्लीपरांजवळ उभे होते. त्यांनी मला काही विनवलं नाही. फक्त वरचं बटण अंगठ्याने पुसत विचारलं, "हो जाएगा, छोटे मिस्त्री?"

छोटे मिस्त्री मला तोपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. "होईल काय विचारता," मी म्हणालो. "झालंच समजा."

आमच्या गल्लीच्या टोकाला जगन लोहाराची भट्टी होती. मी एक्सल हातगाडीवर घातला आणि तिकडे नेला. जगनने कपाळाला आठी घातली, "आबांना माहीत आहे का?" मी म्हणालो, त्यांनीच पाठवलं. भाता हलला, लोखंड आधी काळं, मग वांग्याच्या रंगाचं, मग पिकल्या संत्र्यासारखं झालं. आणि मग पाच दिवसांचं काम दोन घावांत झालं. इतकं सोपं. ते वळलं तेव्हा मला आबांची कीव आली, हे मी आज लिहून ठेवतो. माझ्या हातून घडलेल्या गोष्टींत ती कीवच सर्वांत जास्त मनाला लागते. जगन म्हणाला, "राखेत पुरून ठेव. संध्याकाळपर्यंत हात लावू नको," आणि जेवायला गेला. माझ्याकडे संध्याकाळ नव्हती. रंग द्यायचा होता, बसवायचा होता, गाडी उभी करायची होती. मी सांडशीने धरून तो एक्सल पाण्याच्या डोणीत घातला. वाफेत मला माझाच हात दिसेना. लोखंड किंचाळलं, बराच वेळ, आणि किंकाळीच्या अगदी शेवटी आत कुठेतरी एक बारीक आवाज झाला. टक्. मोडलं काहीच नव्हतं. सगळीकडून पाहिलं. काळा रंग दिला आणि बसवला.

गाडी खंडव्याहून व्याह्यांना घेऊन आली ती शाळामास्तरांनी आखलेल्या रेघेसारखी. मोतीसिंगांनी बुधवाऱ्यात शिरताना दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून दाखवले. त्यांची खोली राहिली. आबा नेपानगरहून परतले, ओळंबा घेऊन शेठजींकडे गेले, दोरा सोडला. चार आणि चार. "पाव फेऱ्याने इतक्यात कसं झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ऐकणारं लोखंड होतं, आबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते खरं हवं होतं म्हणून त्यांनी ते खरं मानलं. येताना स्वतः मावा जिलेबी घेऊन आले, काळी, जाड, हाताला चटका बसेल इतकी गरम, आणि पहिली माझ्या हातावर ठेवली. "जमलं तुला," ते म्हणाले. मायने चुलीपुढून मान वळवून पाहिलं. मी जिलेबी खाल्ली. ती अजून उतरायची आहे.

आठ-दहा दिवसांनी जगन लोहार भेटला. गवंड्याच्या तापवलेल्या छिन्नीला पाणी पाजत होता. सहज विचारलं त्याने, "एक्सल राखेतच थंड झाला ना?"

"हाव. का रे?"

"काही नाही. पाणी दाखवलं असतं तर काचेसारखा झाला असता. छिन्नीला चालतं ते, तिला पुन्हा तापवून मी तो कडकपणा उतरवतो. एक्सलला नाही. ते लोखंड दुखत नाही, वाकत नाही, आधी सांगत नाही. चांगलं चालता चालता एक खड्डा येतो, बस."

त्या दिवसापासून माझ्या कानात तो बारीक आवाज बसला. दुपारी सगळे माग एका ठेक्यात चालत असताना मधूनच एखादा चुकल्यासारखा व्हायचा, टक्, आणि माझा घास हातात राहायचा. काळी गाडी गल्लीतून जायची तेव्हा लोक तिची चकाकी पाहत; मी तिच्या पोटाखाली पाहायचो. असीरगडचा घाट मला झोपेत नव्हे, भर उन्हात, रस्त्याने चालताना दिसायचा: वळण, दरी, आणि पुढून एक चाक एकटंच निघून जाताना. आबांना सांगायचं होतं. रोज सकाळी तोंड उघडायचो, आणि तोंडात ती जिलेबी. उलट आबा आता गिऱ्हाइकांना म्हणायला लागले होते, "कलाचं काम पोराला दाखवा." खरं बोलण्याचा मला सराव नव्हता. ज्याचा होता, ते मी केलं.

एका दुपारी मिठाईच्या दुकानापाशी चौघं बसले होते. मी म्हणालो, शेठजींची गाडी आता पुढून गेली, मोतीसिंग एकटेच होते का रे? ते म्हणाले, एकटेच असतील. मी म्हणालो, असतील बुवा. मला मागे कुणीतरी बसलेलं दिसलं. बाईमाणूस. जाऊ द्या, ऊन फार आहे. आणि उठून आलो. एवढंच. पन्नास वर्षं थापा मारल्यावर मी नव्या लोकांना हेच सांगतो, की गोष्ट अर्धी ठेवावी, उरलेली गाव आपल्या पैशाने बांधतं. मला वाटलं होतं, गाडीत कुणी बसेनासं होईल, शेठजी ती विकतील किंवा गंजत ठेवतील, एक्सल मोडणार नाही आणि मला काही बोलावं लागणार नाही.

आणि बुऱ्हाणपूर तर अशा गावांपैकी, ज्याला मेलेल्या राणीची सवय आहे. बादशहाची बेगम इथे बाळंतपणात गेली, नदीपलीकडे बागेत सहा महिने निजली, मग आग्र्याला नेली. इथली जागा रिकामीच राहिली. ती रिकामी जागा माझ्या एका वाक्याने भरली. आठवड्यात ती बाई मोतीसिंगांची वारलेली राणी झाली, तिला नथ आली, वय आलं, अर्धवट राहिलेला नवस आला. शेठाणीने गाडीला लिंबू-मिरची बांधली, नंतर गाडीत पाय ठेवायचं बंद केलं. मुलांचं गाडीने शाळेत जाणं बंद झालं. शेठजी बैलगाडीने मळ्यावर जाऊ लागले. पण शेठजी व्यापारी माणूस. गाडी उभी कशी ठेवणार? डाक, डबे, मजुरांचं सामान, पलीकडच्या मळ्यांचे निरोप, सगळं ते गाडीनेच पाठवत राहिले. सगळी माणसं गाडीतून उतरली आणि ज्याच्यासाठी मी हा खटाटोप केला तो एकटाच तिच्यात राहिला.

त्याहून वाईट पुढे होतं. मोतीसिंगांनी ती गोष्ट ऐकली तेव्हा ते रागावतील असं मला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना मागची गादी ओल्या फडक्याने पुसताना पाहिलं. मग पुढे गाडी काढायच्या आधी ते मागचं दार उघडत, जरा झुकत, थोडं थांबत, आणि हलक्या हाताने लावत. बटणं पूर्वीपेक्षा लखलखीत. ते बरे दिसत होते, वर्षानुवर्षं आजारी माणूस बरा दिसावा तसे. भर बाजारात, दुपारच्या उन्हात, मी त्या रिकाम्या गादीकडे पाहायचो आणि मला माझ्याच थापेची भीती वाटायची.

शेवटी शेठाणीने हट्ट धरला: ती बाई गाडीसाठी येत नाही, ह्या माणसासाठी येते. एके सकाळी मोतीसिंग आमच्या शेडपाशी थांबले. म्हणाले, गाडी असीरगडच्या पलीकडे एका ठेकेदाराला दिली आहे, आज पोचवून यायची, आणि परतल्यावर त्यांनाही रजा. हे त्यांनी पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं. "खाना खाकर निकलता हूँ."

"घाट हळू उतरा, बाबा," मी म्हणालो.

ते माझ्याकडे पाहून हसले. "रानीसाहिबा बैठी हों तब मैं तेज़ चलाता हूँ क्या?"

मी घरात गेलो. आबा जेवत होते. मायने नुकतीच दुसरी भाकरी वाढली होती.

"आबा, तो एक्सल मी तापवला होता."

त्यांचा हात ताटातच राहिला. "थंड कशात केला?"

"पाण्यात."

आबा अन्नावरून उठले. आमच्या घरात मयताची खबर आली तरी कुणी ताटावरून उठत नसे. हात न धुता, उष्ट्या हाताने त्यांनी घण उचलला आणि अनवाणी निघाले. मागे माय म्हणत होती, "अहो, झालं काय ते तरी सांगा," आणि मी, इतक्या शब्दांचा धनी, तिच्याजवळून नुसता पळालो.

गाडी फाटकात उभी होती, इंजिन सुरू. आबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. शेठजी बाहेर आले, ओरडले, मुनीम ओरडला. आबा मला म्हणाले, "काढ." तासभर लागला. मी एक्सल काढला, दोन दगडांवर ठेवला. आबा शेठजींना म्हणाले, "हा माझ्या कारखान्यातून गेलेला माल," आणि घण उचलला. आबांच्या एका घावाने चांगला एक्सल फार तर कुरकुरतो. हा तुटला. गुळाची ढेप फुटावी तसा, आणि फुटल्या जागी आतला दाणा उन्हात साखरेसारखा चमकत होता. आवाज मी ओळखला. बरेच दिवस तोच ऐकत होतो.

शेठजी पायरीवर बसले. त्यांची मुलं महिनाभर याच एक्सलवर शाळेत गेली होती, हे त्यांच्या तोंडावर मला वाचता येत होतं. आबांनी घण खाली ठेवला. "आता उरलेलं सांग," ते मला म्हणाले. उरलेलं आहे हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. मी सांगितलं. राणी नव्हती. मी बसवली होती. गाडी बंद पडावी म्हणून. मोतीसिंग मडगार्डवर हात ठेवून उभे होते आणि तुटलेल्या लोखंडाकडे पाहत होते.

"पोरगा खोटं बोलतो," पडद्यामागून शेठाणी म्हणाली. "मी स्वतः पाहिली आहे. दोनदा."

"अगं, तो म्हणतो ना, त्यानेच..."

"त्याने नसेल पाहिली. मी पाहिली."

शेठजी आबांना म्हणाले, "मिस्त्री, एक्सल तुम्ही दुसरा बसवाल. हिने जे पाहिलं ते मी कुठून बदलून आणू?" आबांच्या पद्धतीत याला इलाज नव्हता, पाव फेऱ्याचाही नव्हता. मोतीसिंगांनी खोलीची किल्ली काढून मुनीमापुढे धरली, आणि मुनीम ती घ्यायला पुढे होईना, म्हणून ती पायरीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केळीच्या ट्रकने निघाले. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. ट्रक दिल्लीकडे जाणार होता. मायने बांधून दिलेली भाकरी घेऊन मी गेलो. घड भरणं चाललं होतं, चिकाचा वास सुटला होता. त्यांचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि मला हमालांपासून दूर नेलं.

"सेठजी के सामने तुमको वही कहना था," ते म्हणाले. "ठीक कहा. मिस्त्रीजी की इज़्ज़त थी. अब यहाँ कोई नहीं है. बताओ, ओढ़नी किस रंग की थी?"

मी खरं एकदा सांगितलं होतं, आबांसमोर, सगळ्यांसमोर, आणि ते किती जड असतं ते मला कळलं होतं. पुन्हा तेच सांगायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. साठीचा माणूस, आणि डोळे असे, की आत्ता कुणीतरी निकाल वाचून दाखवणार आहे. ट्रकच्या फळीवरून एका घडाचं न छाटलेलं केळफूल लोंबत होतं.

"त्या रंगाची," मी म्हणालो. "केळफुलाच्या."

मोतीसिंगांनी डोळे मिटले. "हाँ," ते म्हणाले. "जिस दिन गईं, वही ओढ़ी थी."

ते ट्रकमध्ये चढले. मी तिथून घरी आलो तो शेठजींच्या फाटकावरूनच; दुसरा रस्ता नव्हता. गाडी पुढून उघडी, दोन स्लीपरांवर टेकवलेली उभी होती. ऊन चढलं होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि गल्लीतले सगळे माग एकाच वेळी थांबले होते. मागच्या काचेकडे मी पाहिलं नाही. हे चाळून घेऊ नका. मी पाहिलं नाही.